सीटवरची गोधडी

"कंबर कशी आहे?" असं उत्तरेश्वरला कुणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं असे. "कमरंला काय धाड भरलीय?" धाड भरली होती, हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला, इंदुबाईला, ठाऊक होतं, आणि सदऱ्याच्या आत आवळून बांधलेल्या रुंद पट्ट्याला ठाऊक होतं. बाकी कुणाला कळू द्यायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

उत्तरेश्वर हिंजवडीच्या आयटीवाल्यांना नेणारी बस चालवायचा. गाड्या एका कंत्राटदाराच्या, आणि कंत्राटदाराच्या वतीनं येरवड्याच्या यार्डात सगळा कारभार बघायचे ते सलिल साहेब. त्यांचा एक नियम होता: दुखणारा ड्रायव्हर गाडीवर नको. ऐकायला केवढा काळजीचा नियम! प्रत्यक्षात अर्थ असा, की ज्यानं 'दुखतं' म्हटलं त्यानं घरी जायचं. त्यामुळे त्या यार्डात कुणाचं काहीच दुखत नसे. गाडीतून उतरताना प्रत्येक जण दाराचा दांडा धरून क्षणभर थांबे आणि आभाळाकडे बघितल्यासारखं करी. आभाळाची एवढी चौकशी वेधशाळेतही होत नसेल.

येरवड्याहून निघायचं, खडकी, औंध, वाकड करत हिंजवडी गाठायची, आणि संध्याकाळी तेच उलटं. अंतर फार नाही, पण वाकडच्या पुलाखाली गाडी एकदा अडकली की क्लच दाब, सोड, दाब, सोड. मागं पोरं-पोरी कानात बोंडं घालून झोपलेली. पुढे उत्तरेश्वर, आणि त्याच्या खाली ती सीट. सीटची स्प्रिंग कधीच मेली होती. तिच्या जागी कुणीतरी एक लाकडी ठोकळा ठोकून दिला होता. रेक्झिन फाटून स्पंज बाहेर लोंबत होता. रस्त्यातला एकूण एक खड्डा त्या ठोकळ्यातून सरळ मणक्यात जायचा. मग कमरेतून एक कळ निघून डाव्या पायात पोटरीपर्यंत उतरायची. हल्ली तर डावा तळवा क्लचवर आहे की नाही, हे खाली बघितल्याशिवाय समजत नसे. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. याचं आलंच मुंगीच्या पावलानं, आणि जायचं नाव घेत नव्हतं.

उतरून पळून जावं असं त्याला रोज वाटे. पण मुलगी भाग्यश्री नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. ती पायावर उभी राहीपर्यंत हातातलं चाक सोडायचं नाही, एवढं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. चाक सोडायचं नाही म्हणजे दुखतं म्हणायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही दोन्ही वेळचा.

यार्डात तोंड न दाबणारा ड्रायव्हर एकच होता, संपत. बार्शीकडचा, उत्तरेश्वरच्याच गावाजवळचा. उत्तरेश्वरनंच त्याला इथे चिकटवून दिलं होतं. वयानं लहान, पण पाठ त्याचीही धरायला लागलेली. त्यानं सगळ्या ड्रायव्हरांना गोळा केलं आणि सलिल साहेबांसमोर उभं राहून सांगितलं, की सीटा बदला, या सीटांनी माणसं मोडतील.

सलिल साहेब रागावले नाहीत. ते कधीच रागवत नसत. "बदलू की," ते म्हणाले. "पण आधी मोजू. यंत्र लावून. म्हणजे कुणाची सीट खराब आहे आणि कुणाची नियत, ते वेगवेगळं कळेल."

मोजायला येणार होती वल्लरी. नारायण पेठेतली मुलगी, कॉलेजात ड्रायव्हर लोकांच्या पाठीवर अभ्यास करत होती. एक गाडी, एक दिवस मोजायची आणि त्यावरून निकाल. ड्रायव्हरांनी एकमुखानं उत्तरेश्वरची गाडी सुचवली, कारण तिच्याहून वाईट सीट सबंध यार्डात नव्हती. संपतनं त्याचा हात धरून सांगितलं, "काका, आता सगळं तुमच्यावर हाय."

आदल्या संध्याकाळी उत्तरेश्वरनं घरी ही बातमी सांगितली. इंदुबाई भाकरी थापत होती, ती थांबली.

"यंत्र कुटं ठिवनार ती?"

"सीटवर. त्याच्यावर मी बसायचं."

"त्या फाटक्या सीटवर?" इंदुबाईनं कपाळाला पिठाचा हात लावला. "आवं, शिकलेल्या घरातली पोर यायची, आन तिच्यापुढं ते स्पंज लोंबतंय! काय म्हनंल ती?"

ती उठली आणि ट्रंकेतून गोधडी काढली. भाग्यश्रीचे लहानपणचे फ्रॉक आणि स्वतःची जुनी लुगडी जोडून शिवलेली, जाड, मऊ, पाहुण्यांसाठी राखलेली. खाली काही अंथरल्याशिवाय पाहुण्याला बसा म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. यंत्र झालं म्हणून काय झालं, पाहुणं ते पाहुणंच.

सकाळी उत्तरेश्वरनं गोधडीची चौपदरी घडी करून सीटवर नीट बसवली, कडा आत खोचल्या. फाटकं सगळं झाकलं गेलं. त्याला बरं वाटलं.

वल्लरी वेळेवर आली. खांद्याला पिशवी, केस घट्ट बांधलेले, आणि बोलणं इतकं आदबशीर की उत्तरेश्वरला उगीचच आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. तिनं एक काळी रबरी तबकडी काढून गोधडीवर ठेवली, तिची वायर एका डबीला जोडली आणि म्हणाली, "काका, ही गोधडी रोज असते का हो सीटवर?"

'तुमच्यासाठी अंथरली' असं पाहुण्याच्या तोंडावर सांगणं म्हणजे केलेलं बोलून दाखवणं. उत्तरेश्वर म्हणाला, "व्हय ताई. रोजचंच हाय."

"आणि पाठीवर या दोन चिकटपट्ट्या लावाव्या लागतील. स्नायू किती थकतात ते त्यातून कळतं. सदरा जरा वर घ्याल का?"

सदऱ्याच्या आत पट्टा होता. शिवाय समोर लेकीच्या वयाची पोर. उत्तरेश्वरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "नगं ताई, ते ऱ्हाऊ द्या."

तिनं आग्रह केला नाही. फक्त विचारलं, "बरं, आपल्याला कुठे दुखतं?"

कुठून सुरू करायचं? आणि कळ जिथून खाली उतरते ती जागा काय पोरीला सांगायची असते? "कुठंच न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला. तिनं मान डोलावून ते लिहून घेतलं.

आणि मग त्यानं गाडी काय चालवली! वरातीत नवरी बसवल्यासारखी. पाहुणी शेजारच्या छोट्या सीटवर दांडा धरून बसलेली, तिला धक्का लागता कामा नये. प्रत्येक स्पीडब्रेकरपाशी गाडी जवळजवळ उभी केली. औंधचे खड्डे त्याला तोंडपाठ होते, ते सगळे वळसा घालून चुकवले. मागून एकानं "काका, आज गाडीला काय झालंय, मीटिंग आहे माझी" म्हणून कुरकुर केली, तिकडे लक्ष दिलं नाही. हिंजवडीला उतरताना वल्लरी म्हणाली, "काका, फार छान चालवता हो तुम्ही." उत्तरेश्वरची छाती फुगली, पट्टा आतून काचला.

आता कुणी म्हणेल, माणूस बिनडोक होता. नव्हता. दारात पाहुणा आला की घरातलं फाटकं झाकायचं, एवढंच तो जन्मभर शिकला होता. या वेळी फाटकं बघायलाच पाहुणीला बोलावलं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं, पण फार उशिरा.

ते आलं निकालाच्या दिवशी. सकाळच्या फेऱ्या करून ड्रायव्हर यार्डात टेकले होते. सलिल साहेब हातात मोबाइल घेऊन बाहेर आले.

"अभिनंदन," ते म्हणाले. "आपल्या सर्वांत वाईट गाडीची सीट उत्तम आहे. धक्के मर्यादेच्या आत. ड्रायव्हरला कसलाही त्रास नाही. मी नाही म्हणत, यंत्र म्हणतंय. आणि यंत्राची काही युनियन नसते." मग ते संपतकडे वळले. "तुम्हाला आमच्या सीटांचा फारच त्रास होतो ना? मग कशाला सोसता? उद्यापासून घरीच बसा. घरची खुर्ची बरी असेल."

संपतचं तोंड पांढरं पडलं. तो सरळ उत्तरेश्वरकडे वळला. "काका, तुमी सांगा. तुमची गाडी हाय. तुमी बसता त्या ठोकळ्यावर."

सगळ्यांनी उत्तरेश्वरकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांपुढे गोधडी आली, आणि तिच्यावर ठेवलेली काळी तबकडी. सांगावं, तर दुखतं म्हणावं लागेल आणि चाक जाईल. न सांगावं, तर संपत चालला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये तो, ताठ, कुठेच वळता न येणारा.

"यंत्र म्हनतंय तर..." एवढंच तो म्हणाला. संपत चपला घासत फाटकाबाहेर गेला.

त्या संध्याकाळी वाकडच्या पुलाखाली गाडी नेहमीपेक्षा जास्त वेळ अडकली. पुढे डंपर, मागे कंपन्यांच्या बस, दोन्ही बाजूंना दुचाकीवाले. दार उघडून उतरायलाही जागा नव्हती. ठोकळा खालून टोचत होता, पट्टा बाजूनं आवळत होता, डावा पाय बधिर. रोज या वेळी त्याला फक्त कंबर जाणवे. आज संपतचं तोंड समोर येत होतं. आपण या सीटवर बसलेलो नाही, आपल्याला हिच्यात गाडलंय, असं त्याला वाटलं. आणि माती आपणच लोटून घेतली.

घरी आल्यावर इंदुबाईनं पाण्याचा तांब्या देत विचारलं, "काय झालं वं निकालाचं? बाईनं गोधडीला नावं तर न्हाई ठिवली?"

"नावं?" तो भडकला. "तुझ्या गोधडीनं घात केला! समदे धक्के तिनं गिळले. सीट चांगली हाय म्हनं. संपतला काढला."

इंदुबाई मटकन खाली बसली. मग म्हणाली, "गोधडी म्या दिली, खरं हाय. पर रोजचीच हाय असं कोन म्हनलं?"

त्यानं पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.

"मग सांगा की जाऊन."

"सांगितलं तर चाक जाईल. भागीचं शेवटचं वरीस हाय."

"आन न्हाई सांगितलं तर?" इंदुबाई म्हणाली. "त्या पोराला तुमीच आनलं ना हितं?"

उत्तरेश्वर भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. बसलं की उठता येत नसे, म्हणून घरात तो बहुतेक उभाच असे. राग इंदुबाईचा नव्हताच. स्वतःची इतकी शरम त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सलिल साहेबांनी वल्लरीचा वर्ग ठेवला होता. विषय: बसावं कसं. सीट चांगली आहे म्हटल्यावर चूक बसणाऱ्याचीच असणार. यार्डातल्या कडुनिंबाखाली ड्रायव्हर ओळीत उभे, आणि वल्लरी मनापासून सांगत होती, की पाठ अशी टेकवायची, खांदे सैल सोडायचे, आणि मधूनमधून उठून दोन पावलं चालायचं.

"ताई, वाकडच्या पुलाखाली उठून कुटं चालू?" एकानं विचारलं. सगळे हसले. वल्लरी लाल झाली, पण तीही हसली. काहीतरी बसत नाहीये, असं तिलाही वाटत असावं, कारण ती पुन्हा पुन्हा त्या गाडीकडे बघत होती.

फाटकापाशी संपत उभा होता. गाडीत राहिलेली पिशवी न्यायला आला होता. आत यायचं की नाही, याचा त्याला निर्णय होत नव्हता.

"उत्तरेश्वर, पुढे या," सलिल साहेब म्हणाले. "हे आमचे आदर्श ड्रायव्हर. कधी तक्रार नाही. दाखवा सगळ्यांना, गुडघे न वाकवता पायाला हात लावायचा."

उत्तरेश्वर पुढे गेला. दुसरं काय करणार? तो वाकला. गुडघ्यांपर्यंत हात गेले आणि कमरेत काहीतरी खटकन धरलं. तो तसाच राहिला. वर येईना, खाली जाईना. समोर स्वतःच्या चपला, त्यांच्यापलीकडे वल्लरीचे बूट.

"पुरे काका, या वर," वल्लरी म्हणाली.

येता येत नव्हतं. घाम नाकावरून टपटप मातीत पडला. आता लपवायला काही उरलंच नव्हतं, आणि एवढ्या लोकांत त्याला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नव्हतं, हेही एक बरंच झालं. तसाच वाकलेला, तिच्या बुटांकडे बघत तो म्हणाला, "ताई, ती गोधडी रोजची न्हाई. तुमी यायच्या म्हनून अंथरली होती. खाली लाकडाचा ठोकळा हाय. मी खोटं बोललो."

सर्वांत आधी धावला संपत. फाटकातून पळत आला, काखेत हात घालून त्यानं उत्तरेश्वरला हळूहळू सरळ केलं. उत्तरेश्वरनं सदऱ्याची बटणं काढली. आत पट्टा, आणि पट्टा सोडल्यावर कमरेभोवती काळा वळ, जागोजाग कातडं सोललेलं.

"त्या चिकटपट्ट्या लावा आता," तो वल्लरीला म्हणाला.

तिचे डोळे भरून आले होते. सलिल साहेबांचे नाही.

"म्हणजे एक तर तुम्ही मोजमापात फसवणूक केलीत," ते शांतपणे म्हणाले, "आणि दुसरं, असली पाठ घेऊन इतके दिवस लोकांच्या जिवाशी खेळलात. कुठल्या कारणानं काढू, ते तुम्हीच निवडा."

यातलं दुसरं खरं होतं, आणि म्हणूनच ते उत्तरेश्वरला वर्मी लागलं. क्लचवर नसलेला तो तळवा त्याला आठवला, आणि मागं झोपलेली पोरं आठवली. त्यानं मान खाली घातली.

"मापन चुकलं ते माझं," वल्लरी मध्येच म्हणाली. "घडी उचलून खाली बघायला मला काय झालं होतं? माझं चुकलेलं मी आज दुरुस्त करणार आहे. त्याला आपल्या परवानगीची गरज नाही. गाडी संध्याकाळी जाणार आहेच ना?"

गाडी जाणारच होती, आणि बदली माणूस नव्हता. सलिल साहेबांनी घड्याळ बघितलं. काढायचं ते उद्यापासून काढता येईल, आजची फेरी चुकली तर कंपनी त्यांना धरणार होती. म्हणून दुखणारा ड्रायव्हर गाडीवर नको हा नियम त्या संध्याकाळपुरता त्यांनी खिशात घातला.

गाडी रिकामीच निघाली. गोधडी घडी करून मागच्या बाकावर. तबकडी फाटक्या रेक्झिनवर, ठोकळ्याच्या बरोबर वर. उत्तरेश्वरच्या उघड्या पाठीवर दोन चिकटपट्ट्या, वरून सदरा. वल्लरी दांडा धरून बसली आणि संपत पायरीवर उभा राहिला. काकांना एकटं सोडायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं.

उत्तरेश्वरनं आज रोजच्यासारखी चालवली. खड्डा आला की खड्ड्यातून. पहिल्या धक्क्याला त्याच्या तोंडून 'आई गं' निघालं, आणि त्यालाच दचकायला झालं. त्या गाडीत आजवर तो शब्द त्यानं उच्चारला नव्हता. दुसऱ्या धक्क्याला पुन्हा. मग त्यानं आवरणं सोडून दिलं. वल्लरी डबीच्या पडद्याकडे बघत होती, आणि थोड्या वेळानं पडद्याकडे बघायचीही थांबली. वाकडच्या पुलाखाली अडकले तेव्हा तिनं विचारलं, "काका, रोज असंच?"

"व्हय ताई," तो म्हणाला. "रोज असंच." या वेळी ते खरं होतं.

हिंजवडीला कंपनीच्या फाटकाशी त्यानं गाडी लावली, हँडब्रेक ओढला, आणि उठायला गेला. उठता आलं नाही. कमरेखाली आपलं काही आहे, असंच वाटेना. दोन्ही हातांनी चाकाला धरून जोर केला, तरी तसूभर हलला नाही. बाहेर गळ्यात कार्डं अडकवलेली मंडळी जमली होती. कुणीतरी काचेवर टकटक केली. "काका, दरवाजा!"

"संपत," उत्तरेश्वर हळूच म्हणाला, "मला काढ रे हितनं."

दोघांनी मिळून त्याला काढलं. एक हात संपतच्या गळ्यात, एक वल्लरीच्या. ज्या पोरीला दुखणारी जागा सांगायला तो लाजला होता, तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून तो मागच्या बाकापर्यंत गेला, आणि गोधडी उशाला देऊन त्याला कुशीवर निजवलं. वल्लरीनं सलिल साहेबांना फोन लावला. इथल्याच दवाखान्यात नेऊ, ती म्हणाली. पलीकडून काय उत्तर आलं ते तिच्या तोंडावरूनच कळलं. फोन कानावरून काढून ती म्हणाली, "ते म्हणतात, इथे गाडी अडवून ठेवू नका, लोक तिष्ठतायत. काकांना याच गाडीतून परत आणा. आणि आजचा दिवस संपतनं चालवावी."

संपत हसला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. तो पुढे जाऊन सीटपाशी उभा राहिला. दार उघडलं, माणसं चढली, आपापल्या जागा धरून कानात बोंडं घातली. मागं एक म्हातारा आडवा पडलाय, हे दोघाचौघांनी बघितलं आणि पाय जरा आखडून घेतले.

उत्तरेश्वरनं डोक्याखालची गोधडी ओढून काढली. "संपत," त्यानं हाक मारली, "ही घे खाली. लांब जायचंय. पाठ जाईल तुझी."

संपतनं वळून गोधडीकडे बघितलं, मग त्या काळ्या तबकडीकडे.

"नगं काका," तो म्हणाला. "ताईचं यंत्र अजून चालू हाय."

आणि तो ठोकळ्यावर बसला. गाडी निघाली. फाटकाबाहेरचा पहिला खड्डा उत्तरेश्वरला माहीत होता. तो यायच्या आधीच त्यानं डोळे मिटून घेतले.